घराचा बांध दोघांनीं राखावा

(खारेपाटांतील एका गांवीं, भातकापणी आटोपल्यावर, नवराबायकोंनीं जोडीनें बसावयाच्या वर्गाच्या पहिल्या बैठकींत केलेलें भाषण.)



आज येथें एक नवल दिसत आहे. नेहमींच्या सभेंत पुरुष पुढें सतरंजीवर बसतात आणि बायका मागें भिंतीला टेकून उभ्या राहतात. बचत गटाची बैठक असली म्हणजे बायका आंत आणि पुरुष बाहेर पारावर. आज धनी आणि धनीण एका सतरंजीवर शेजारीं शेजारीं बसलीं आहेत, आणि दोघेंहि थोडीं अवघडलेलीं दिसतात. कोणी हंसूं नये. वीस वीस वर्षें एका चुलीवरचें खाल्लें, तरी चारचौघांत शेजारीं बसण्याची आपल्याला संवय नाहीं. ती संवय लावून घेणें हाच आजचा पहिला धडा समजा.

आपण खारेपाटांतलीं माणसें. बांध म्हणजे काय हें आपल्याला कोणीं शिकवायला नको. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताचें शेत आणि मध्यें मातीचा बांध. खेंकड्यानें पाडलेलें एक भोंक वेळेवर बुजलें नाहीं, तर उधाणाच्या भरतीला त्याचीच खांड होते. एकदां का खारें पाणी आंत शिरलें, कीं पुढचे दोन-तीन पावसाळे तें शेत नीट पिकत नाहीं. म्हणून बांधावर फिरणारा माणूस आपल्या शेतापुरतें पाहून घरीं जात नाहीं. पलीकडे भोंक दिसलें तरी हांक मारतो.

घरालाहि असा एक बांध असतो. कर्ज, आजार, दारू, रुसवेफुगवे, लग्नाचा खर्च, हें सारें त्या बांधाबाहेरचें खारें पाणी. पण घराचा बांध आपण कसा राखतों? एक टोंक धनी राखतो, दुसरें टोंक धनीण राखते, आणि आपल्या टोंकाला भोंक पडलें तर दुसऱ्याला कळूं देत नाहीं. दोघेंहि कष्टाळू, दोघेंहि प्रामाणिक, तरीहि खांड पडते. ती कां पडते याचा विचार करण्यासाठीं आपण आज जमलों आहों.

दुसऱ्याच्या घरांत डोकावण्यापूर्वीं आम्ही आमच्याच घराचें दार उघडतों. सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. गांवोगांव कौलें फुटलीं, पत्रे उडाले. त्या दिवशीं आमच्या घराचेंहि छप्पर गेलें. पाऊस तोंडावर आलेला. आम्हीं एका व्यापाऱ्याकडून तीस हजार रुपये उचलले, दरमहा शेंकडा पांच व्याजानें. आणि घरांत सांगितलें कीं, एका ओळखीच्या माणसानें बिनव्याजी दिले. खरें सांगायची लाज वाटली. त्या पैशांत पुढची पडवी आणि माजघर झांकलें गेलें, पण मागचें स्वयंपाकघर उघडेंच राहिलें. आमच्या कारभारणीनें तें पाहिलें आणि गटांतून वीस हजार काढले. आम्हांला सांगितलें कीं, भावानें दिले. तिलाहि खरें सांगायची भीति वाटली, कारण गटाच्या नांवानें आम्ही पूर्वीं दोन वेळां ओरडलों होतों.

झालें! एका छपरावर दोन कर्जें बसलीं आणि दोन्हीं कर्जांचे पैसे एकाच डब्यांतून जाऊं लागले. दहा तारखेला आम्ही डब्यांत हात घालूं, पंधरा तारखेला ती हात घाली तों डबा रिकामा. मग भांडण. आम्हांला वाटे, ही पैसे माहेरीं धाडते. तिला वाटे, हा पिऊन उडवतो. एका रात्रीं, सांगायला शरम वाटते पण सांगतों, आमचा हात उठला. आमची मुलगी तेव्हां दहावीच्या वर्गांत होती. दुसऱ्या दिवशीं तिनें वहीच्या मागच्या पानावर मधोमध एक रेघ ओढली. आधीं बापाला एकट्याला गांठून विचारलें, मग आईला विचारलें, रेघेच्या दोन्हीं बाजूंस आंकडे लिहिले आणि रात्रीं जेवणाच्या वेळीं ती वही आम्हां दोघांच्या मध्यें ठेवली. त्या रात्रीं कोणी जेवलें नाहीं, पण त्या रात्रीनंतर घरांत तसें भांडण झालें नाहीं.

आतां हिशेब ऐका. तीस हजारांवर शेंकडा पांच म्हणजे महिन्याला पंधराशें रुपये निव्वळ व्याज. वर्षाला अठरा हजार. तेच तीस हजार कारभारणीनें गावांतल्या गटाकडून काढले असते, तर शेंकडा दोन दरानें महिन्याला सहाशें. वर्षाला सात हजार दोनशें. फरक दहा हजार आठशें रुपयांचा. एवढी रक्कम आमच्या घरानें एका वर्षांत कशापायीं दिली? दुष्काळापायीं नव्हे, आजारापायीं नव्हे. नवऱ्यानें बायकोला खरें सांगितलें नाहीं, एवढ्याचपायीं. न बोलण्याचा इतका मोठा दंड कोणत्याहि कोर्टानें आम्हांला केला नसता.

आतां कोणी म्हणेल, तुमच्या घरची गोष्ट तुम्हांपाशीं. आमच्या घरीं तसें नाहीं. नसेल तर आनंद आहे. पण आपल्या किनाऱ्यावरील कामाची वांटणीच अशी आहे कीं, प्रत्येक घरांत अर्धा हिशेब एकाला ठाऊक आणि अर्धा दुसऱ्याला. कोळीवाड्यांत पाहा. होडी, जाळें, डिझेल आणि दलालाची उचल हें सारें नाखव्याच्या डोक्यांत. टोपली, बाजार आणि रोकड हें सारें कोळणीच्या ओटींत. जून-जुलैंत मासेमारी बंद झाली, कीं दोन महिने घर कशावर चालावयाचें याचा हिशेब दोघांचा मिळून पाहिजे, तो कोणाकडेच पुरा नसतो. शेतकऱ्याकडे पाहा. भात निघालें कीं ओलीवर पांढरा कांदा लावावयाचा. अलिबागच्या या कांद्याला २०२२ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें नांव झालें. त्याच्या वेण्या बायका घालतात, रस्त्याच्या कडेला बसून माळा विकतात. पण बियाण्याला, खताला किती गेले हें धन्यालाच ठाऊक. मग कांद्यानें कांहीं दिलें कीं नाहीं, हें सांगावें कोणीं?

ज्यांनीं आपल्याला शिकवलें त्यांनींहि अर्धें अर्धेंच शिकवलें. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालीं निघालें, 'उमेद'चें काम २०११ पासून सुरू झालें. गांवोगांव बायकांचे गट झाले. अंगठा उठवणारी बाई सही करूं लागली, बँकेच्या दारांत उभी राहूं लागली, हप्ता चुकवीनाशी झाली. हें लहान काम नव्हे. इकडे पुरुषांना बियाणें, खतें, पंप यांचें शिक्षण मिळालें. परंतु झालें काय, कीं कर्ज बायकोच्या नांवानें घरांत येतें, खर्च नवऱ्याच्या हातानें होतो आणि फेडीची काळजी पुन्हां बायकोच्या उशाशीं. बायकोला एक शिकवलें, नवऱ्याला दुसरें शिकवलें. दोघांना एकत्र बसवून मात्र फारसें कोणीं कांहीं शिकवलें नाहीं. एक बैल शिकवलेला आणि एक आडदांड, अशा जोडीनें नांगर सरळ चालत नाहीं. आणि दोन्हीं शिकवलेले असले, पण वेगवेगळ्या वाटेनें ओढायला शिकवलेले असले, तर मग बोलायलाच नको.

जोडीनें शिकविण्याचा हा प्रकार आम्हींच नव्यानें काढला असें मात्र नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतच तो करून पाहिलेला आहे. पुण्याच्या झोंपडपट्ट्यांतील नवविवाहित जोडप्यांसाठीं 'घ्या भरारी एकत्र' नांवाचा वर्ग चालवून पाहिला गेला. त्याची हकिकत २०२१ सालीं छापून आली. सहा बैठका. नवराबायकोनें एकमेकांसाठीं वेळ कसा काढावा. स्वतःचा मान आणि धीर कसा राखावा. बोलावें कसें आणि भांडण मिटवावें कसें. दोघांनीं मिळून पुढचा बेत कसा आंखावा. शरीरसंबंध आणि आरोग्य यांबद्दल मोकळेपणीं कसें बोलावें. आणि बायकोवर हात टाकणें ही चालरीत कां मोडावी, हे त्यांतले विषय. म्हणजे भांडण पेटल्यावर पाणी घेऊन धांवण्याऐवजीं संसाराच्या आरंभींच चुलीभोंवतीं राख सारून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्या शेजारच्या ठाणें जिल्ह्याच्या खेड्यांत २०१२ च्या सुमारास दुसरा एक प्रयोग झाला. त्यांत १०८१ जोडपीं होतीं. गांवांतल्याच वैद्य-डॉक्टरांनीं आधीं नवऱ्यांशीं दोन वेळां आणि मग जोडप्याशीं एक वेळ बोलावयाचें. मुलांमधील अंतर, कुटुंबनियोजन आणि बायकोशीं वागणूक हे विषय. दीड वर्षानें पाहिलें तेव्हां, ज्यांच्याशीं असें बोलणें झालें त्या घरांत पाळणा लांबविण्याचीं साधनें अधिक वापरलीं जात होतीं आणि बायकोवर शरीरसंबंधाची बळजबरी कमी झाली होती. दूर आफ्रिकेंत रुआंडा नांवाचा देश आहे. तेथें 'बांडेबेरेहो' या नांवानें तरुण बाप आणि त्यांच्या बायका यांचे वर्ग घेतले. ११९९ जोडप्यांची पाहणी झाली. पावणेदोन वर्षांनीं असें दिसलें कीं, वर्गांत बसलेल्या घरांत मारहाण कमी, आणि नवरे मुलांचें व घरचें काम अधिक करूं लागलेले. पुणें, ठाणें आणि रुआंडा. भाषा निराळी, अन्न निराळें, पण अनुभव एकाच दिशेचा. जोडपें शेजारीं बसवून नीट बोललें, तर घर बदलूं शकतें.

आणि हें आपल्या परंपरेच्या विरुद्ध आहे असें कोणीं म्हणूं नये. १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक विवाह लावावयास प्रारंभ केला, तेव्हां वधू आणि वर यांनीं स्वतःच्या तोंडानें, स्वतःच्या भाषेंत, एकमेकांशीं बोलून लग्न लागावें अशी रीत त्यांनीं घातली. इतरांच्या लग्नांत दोघें मुकीं उभीं असत. आपण लग्नांत मुकीं उभीं राहिलों, आणि संसारांतहि मुकींच राहिलों. जें मांडवांत राहून गेलें तें या सतरंजीवर करावयाचें आहे.

आतां या वर्गांत काय करावयाचें तें सांगतों. सहा बैठका होतील.

पहिली बैठक ऐकण्याची. एकानें बोलावयाचें, दुसऱ्यानें मध्यें तोंड घालावयाचें नाहीं. पुरुषांना हें जड जाईल, हें आम्ही अनुभवानें सांगतों. आमची कारभारीण बोलूं लागली कीं तिसऱ्या वाक्याला आम्ही उत्तर तयार ठेवीत असूं. उत्तर तयार ठेवणारा माणूस ऐकत नसतो.

दुसरी बैठक वर्षाच्या हिशेबाची. बारा महिन्यांच्या बारा ओळी ओढावयाच्या. ज्येष्ठ-आषाढांत बियाणें, लावणीची मजुरी आणि शाळेची पुस्तकें, होड्या किनाऱ्याला. श्रावण-भाद्रपदांत गौरीगणपति. अश्विन-कार्तिकांत कापणी आणि हातांत चार पैसे. माघ-फाल्गुनांत कांदा. चैत्र-वैशाखांत लग्नसराई. या ओळींसमोर काय येतें आणि काय जातें तें दोघांनीं मिळून लिहावयाचें. ज्या महिन्यांत जाणारें येणाऱ्याहून मोठें, तो महिना भोंकाचा. भोंक कुठें आहे तें आधीं कळलें, म्हणजे कार्तिकांतच त्यासाठीं मूठभर माती बाजूला काढून ठेवतां येते. लिहितां येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या. पोरांसमोर हिशेब झाला म्हणून बापाचा मान कमी होत नाहीं. आमचा तर वाढला.

याच बैठकींत लग्नाच्या खर्चाचाहि विचार होईल. हळदीच्या एका रात्रीचा वाजंत्री, मटण आणि बाटल्यांचा खर्च किती वर्षांच्या कांद्यानें फिटतो, हें भागाकार करून पाहावयाचें. हळद करूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या लोकांना आनंद करायला वर्षांत दिवस किती मिळतात? पण बाप एक आंकडा मनांत धरतो, आई दुसरा, आणि भावकीचे लोक तिसराच बोलून जातात. आंकडा दोघांनीं आधीं ठरवावा, कागदावर मांडावा, आणि मग भावकी काय म्हणेल तें म्हणूं द्यावें.

तिसरी बैठक कर्जाची. ती सर्वांत अवघड. प्रत्येकानें आपापल्या कर्जाची यादी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आणावयाची आणि घरीं गेल्यावर दिव्याखालीं दोन्हीं चिठ्ठ्या एकदम उघडावयाच्या. सभेंत उघडावयाच्या नाहींत; हें लाजविण्याचें काम नव्हे. चिठ्ठी उघडल्यावर ओरडावयाचें नाहीं, हा मात्र नियम. जो खरें सांगितल्यावर ओरडतो, तो पुढच्या वेळीं खोटें सांगायला शिकवतो. मग ज्या कर्जाचा दर सर्वांत जड, तें आधीं फेडावयाचें.

चौथी बैठक कागदाची. येथें जरा थांबतों, कारण आपल्या तालुक्याचा इतिहास या ठिकाणीं आड येतो. येथून जवळच चरी गांवीं २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं संप पुकारला. खोताची जमीन कसणार नाहीं! पंचवीस गांवांचा तो संप १९३९ पर्यंत चालला. शेत पड, घरांत दाणा नाहीं. रानांतला लांकूडफाटा विकून पोटें भरलीं. १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खोती मोडण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. पुढें कायदे झाले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. आतां आम्ही विचारतों, त्या सहा वर्षांत उपाशी पोरांना कोणीं निजवलें? चूल कोणीं पेटती ठेवली? आणि जमीन मिळाली तेव्हां सातबाऱ्यावर नांव कोणाचें लागलें?

आज त्याच जमिनीवर मुंबईची नजर आहे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन बोट येते. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावा सागरी पूल खुला झाला. दलाल पायवाटेनें येत नाहीं, मोटारीनें घराच्या दारांत येतो. सहा वर्षांच्या उपासानें मिळालेली जमीन एका दुपारीं एका सहीनें जाते. सही धन्याची. घरधनिणीला कळतें तें शेताला कुंपण पडल्यावर. पैसे येतात, मोटारसायकल येते, घराला रंग लागतो, हळद दणक्यांत होते. आणि थोड्याच वर्षांत त्याच कुंपणाच्या आंत तीच बाई बंगल्याच्या भांड्यांना जाते. असें आपल्या डोळ्यांदेखत घडलें आहे. नांवें घेण्याची गरज नाहीं. जमीन विकणें हा सर्वदा गुन्हा नव्हे. एकट्यानें विकणें, गुपचूप विकणें, आणि मिळालेल्या पैशाचा बेत न आंखतां विकणें, ही मात्र खांड आहे.

हिंदु वारसा कायद्यानें मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलासारखा हक्क दिला. महाराष्ट्रांत १९९४ सालीं, साऱ्या देशांत २००५ सालीं. परंतु बायकोचें नांव नवऱ्याच्या हयातींत त्याच्या सातबाऱ्यावर आपोआप चढत नाहीं. त्यालाहि वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनें १९८९ च्या अमरावतीच्या अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ केली. जन्मभर राबणाऱ्या घरच्या लक्ष्मीचें ऋण फेडा आणि तिच्या नांवानें जमीन करा, असें शेतकऱ्यांना सांगितलें. जळगांव जिल्ह्यांतील विटनेरसारख्या गांवांनीं तें करून दाखविलें. पुढें १५ सप्टेंबर १९९२ रोजीं सरकारनेंहि परिपत्रक काढलें. नवऱ्यानें स्वखुशीनें अर्ज केला, तर बायकोचें नांव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावतां येतें. घराच्या बाबतींत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर दोघांचीं नांवें लावून घेतां येतात. दोन नांवें म्हणजे दोन सह्या, आणि दोन सह्या म्हणजे दलालाला दोन माणसांना पटवावें लागतें. बांधाला दुसरा राखणदार मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

पांचवी बैठक अंगाची आणि कामाची. सकाळीं कोण उठतें, पाणी कोण आणतें, भांडीं कोण घासतें, सर्वांच्या शेवटीं कोण जेवतें, हें घड्याळ लावून लिहून काढावयाचें. चिखलांत दिवसभर वांकून लावणी दोघेंहि करतात. घरीं आल्यावर एक पडवींत आडवा होतो आणि दुसरी चुलीपुढें वांकते. मुलें किती आणि किती अंतरानें, हेंहि दोघांनीं मिळून ठरवावें. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया म्हटली कीं बाईच पुढें. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची. तिनें पुरुषाची शक्ति जात नाहीं; फक्त अज्ञान जातें.

सहावी बैठक हाताची आणि बाटलीची. याविषयीं थोडें बोलतों, पण ठाम बोलतों. बायकोवर उठलेला हात हा प्रेमाचा नव्हे, धाकाचा नव्हे, मर्दपणाचाहि नव्हे. तो हरलेल्या माणसाचा हात आहे. आमचा एकदां उठला म्हणून आम्ही हें जाणतों. २००५ सालीं घरांतील हिंसेपासून बायकांना संरक्षण देणारा कायदा झाला. १८१ या क्रमांकावर बाईला केव्हांहि मदत मागतां येते. हा क्रमांक मायबहिणींनीं पाठ करावा, आणि दादांनो, तुम्हींहि पाठ करावा. ज्या घरांत जिवाला धोका आहे, तेथें वर्ग पुरत नाहीं. तेथें आधीं त्या बाईची सुटका, मग बोलणें. मारणाऱ्याशेजारीं बसून गोड बोल, असें आम्ही कोणाहि बहिणीला सांगणार नाहीं.

आतां दोन शंका उरल्या. एक म्हणतो, नवराबायकोंच्या मध्यें तिसऱ्यानें कशाला यावें? त्याला आमचा उलट प्रश्न असा कीं, सावकार, दलाल, दारूवाला आणि भावकी हे चौघे आधींच मध्यें बसलेले आहेत, ते तुला कसे चालतात? आम्ही मध्यें बसायला आलों नाहीं. त्यांना उठवायला आलों आहों.

दुसऱ्याची शंका खरी आहे. तो म्हणतो, पोटाला पुरेसें मिळत नाहीं आणि तुम्ही हिशेब शिकवतां! गरिबाला काटकसर शिकविणारे पोटभर जेवलेले लोक आम्हीं पुष्कळ पाहिले. बंधो, तुझें बरोबर आहे. खोत अर्धें भात उचलून नेत होता, तेव्हां कुळानें कितीहि नीट वही लिहिली असती तरी त्याचें पोट भरलें नसतें. त्याला संपच करावा लागला. आजहि मासळीचा भाव, भाताचा भाव, मजुरीचा दर आणि फुटक्या बांधांची दुरुस्ती यांसाठीं भांडावेंच लागेल. गरिबी तुमच्या दोषानें आली, असें सांगायला हा वर्ग नाहीं. परंतु चरीच्या लोकांनीं सहा वर्षें दम कशाच्या जोरावर धरला? घरांत एकमत होतें म्हणून. ज्याच्या घरांत फाटाफूट, त्याला खोत दुसऱ्या महिन्यांत फोडतो. बाहेरच्या लढाईला घराचा बांध शाबूत लागतो. म्हणून हें शिक्षण त्या लढाईच्या जागीं नव्हे, तिच्या पाठीशीं आहे.

कबूल करतों कीं, सहा बैठकांनीं सर्व सुधारेल असें नाहीं. आमच्या घरीं अजूनहि कधीं कधीं आवाज चढतो. पण आतां डब्याला झांकण नाहीं. म्हणजे डबा आहे, पैसेहि त्यांतच असतात, पण वही त्यावर उघडी असते. व्यापाऱ्याचें कर्ज दुसऱ्या वर्षीं फिटलें. तें कारभारणीनें फेडलें, आम्हीं नव्हे. आम्हीं फक्त खरें सांगितलें. ज्या मुलीनें ती रेघ ओढली ती आतां शिकून नोकरीला लागली आहे. तिच्यासाठीं स्थळें येऊं लागलीं, तेव्हां तिनें आम्हांला एकच अट सांगितली. मुलगा शिकलेला असो वा नसो, शेती करो वा नोकरी, लग्नाआधीं एक दिवस त्यानें तिच्यासमोर वही घेऊन बसलें पाहिजे.

तर पुढच्या रविवारीं येतांना दोघांनीं मिळून यावें. एकटा आला किंवा एकटी आली, तर आम्ही परत पाठवूं. येतांना एक वही आणि मधोमध रेघ ओढायला एक पेन्सिल आणावी. आणि आज रात्रीं जेवणें झाल्यावर, पोरें निजल्यावर, दिवा मालवण्यापूर्वीं एकमेकांना एवढेंच विचारावें: माझ्यापासून लपवलेलें असें तुझ्या मनावर कांहीं ओझें आहे काय? उत्तर काय येईल तें येवो. तें ऐकून कोणीं ओरडूं नये, एवढी हात जोडून विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.